वाचकांचे प्रश्न : जैतुनाचे कलम

प्रश्न : ख्रिस्ती लोक ज्यूंच्या पाठीशी धर्मभावनेने का उभे राहतात? (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला देवाकडून ‘तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन’ असे वचन मिळाले (बायबल, उत्पत्ती १२:३), ते अनेकांना आजही बांधून ठेवते, मला मात्र नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायातला प्रेषित पौलाचा दाखला अधिक खोल वाटतो. आपण रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधतो. पौल उलट, रानजैतुनाची (रानटी ऑलिव्हची) फांदी, म्हणजे बिगर-ज्यू, बागायती झाडावर, म्हणजे इस्राएलवर, बांधल्याचे सांगतो आणि बिगर-ज्यू ख्रिस्ती माणसाला बजावतो, की तू मुळाला नव्हे, मूळ तुला आधार देते. काहींच्या आस्थेमागे ज्यूंच्या धर्मांतराची अपेक्षा असते, हेही लपवू नये. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला हिब्रू शिकवणाऱ्या मिशनऱ्यांचा हेतू तोच होता, पण त्या शिक्षणाने हे ‘शनिवार तेली’ (शनिवारी काम बंद ठेवणारे, तेल गाळणारे ज्यू) आपल्याच धर्मग्रंथांच्या अधिक जवळ गेले.