प्रिंटरने पानाऐवजी कोड छापला तर? घोस्टस्क्रिप्टबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी पीएस (पोस्टस्क्रिप्ट) आणि पीडीएफ फाइल घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने कमांड लाइनवरून, म्हणजे हुकूम टाइप करून, प्रिंट करण्याबद्दल इतके प्रश्न आले की पूर्ण सदर त्यालाच दिलंय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. डॅशनंतरचं पहिलं डी, एस किंवा आर स्मॉल, आणि त्याला चिकटून येणारं नाव कॅपिटलमध्ये, मध्ये स्पेस नाही.

प्रश्न: एका जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेली पीएस फाइल प्रिंटरला पाठवली की पानंच्या पानं नुसता कोड छापून येतो, सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस-अडोबी असं काहीतरी असतं. फाइल बिघडली आहे का?

फाइल एकदम ठीक आहे, उलट ती सुरुवातीची ओळ दिसतेय म्हणजे फाइल व्यवस्थित पोचली. झालंय असं की पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये पानाचं चित्र नसतंच, पान कसं काढायचं याचा प्रोग्राम असतो, आणि तुमच्या प्रिंटरला तो प्रोग्राम चालवता येत नाही म्हणून त्याने तो साधा मजकूर समजून जसाच्या तसा छापला. आत बघितलंत तर ७२ ७२ मूव्हटू अशा ओळी दिसतील, म्हणजे आकडे आधी आणि हुकूम नंतर. हे आकडे पॉइंटमध्ये असतात, पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, आणि मोजायला सुरुवात पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणून या ओळीचा अर्थ डावीकडून एक इंच, खालून एक इंच, तिथे जा. पान पूर्ण झालं की शोपेज असा हुकूम येतो आणि तेव्हाच कागद बाहेर पडतो.

जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी सुरू केली, १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आलं, आणि १९८५ च्या ॲपल लेझररायटरमध्ये हा प्रोग्राम वाचून चालवणारा इंटरप्रिटर थेट प्रिंटरच्या पोटात बसवलेला होता, त्यासाठी त्यातला प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिंटॉशपेक्षाही वेगवान ठेवावा लागला. सगळ्या प्रिंटरमध्ये एवढं सगळं घालणं परवडणारं नव्हतं आणि आजही स्वस्त मॉडेलमध्ये ते नसतं. घोस्टस्क्रिप्ट नेमकी ही उणीव भरून काढतो. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये तो पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुला केला, त्याच्यामुळे फाइलमधला प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि प्रिंटरकडे जातं ते तयार पान. मला हे सॉफ्टवेअर फार मोलाचं वाटतं, कारण वीस-तीस वर्षांपूर्वीची पीएस फाइलसुद्धा त्याच्यामुळे आज उघडते.

तुम्ही आधी पीडीएफ करून घ्या, नजरेखालून घाला, मग प्रिंट द्या:

जीएस -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -ओ नवी.पीडीएफ जुनी.पीएस

विंडोजवर जीएसच्या जागी जीएसविन६४सी लिहायचं, शेवटचा सी विसरू नका, तो नसेल तर वेगळी विंडो उघडते आणि बॅच फाइलमध्ये (ओळीने चालवायच्या कमांड लिहून ठेवलेली फाइल) त्याचा त्रास होतो. थेट छापायचंच असेल तर विंडोजवर एमएसविनपीआर२ नावाचं डिव्हाइस (घोस्टस्क्रिप्टमध्ये डिव्हाइस म्हणजे आउटपुटचा प्रकार) आहे, प्रिंटरचं नाव दिलं नाही तर ते स्वतःच विचारतं.

प्रश्न: कमांड चालते पण प्रत्येक पानानंतर एंटर मागते आणि शेवटी जीएस> असं लिहून नुसती बसून राहते. हँग झालं का?

हँग नाही, वाट बघतोय. हा इंटरप्रिटर आहे ना, फाइल संपली की पुढचे हुकूम तुम्ही हाताने टाइप कराल असं धरूनच तो चालतो. तिथे क्विट लिहा, सुटाल. पानापानाला थांबू नये म्हणून -डीनोपॉज आणि काम झाल्यावर बाहेर पडावं म्हणून -डीबॅच द्यायचं, आणि वर वापरलेला स्मॉल -ओ या दोन्हींचं काम एकदमच करतो.

प्रश्न: पानांच्या इमेज करून छापतो तर अक्षरं धूसर येतात. रिझोल्यूशन किती ठेवू? आणि सगळी पानं एकाच फाइलवर लिहिली जाऊन शेवटचंच उरतं, ते का?

धूसर येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच की रिझोल्यूशन दिलेलंच नसतं, आणि इमेजच्या डिव्हाइसना तुम्ही काही सांगितलं नाही तर ते साधारण स्क्रीनपुरतं, म्हणजे ७२ डीपीआयवर (इंचाला ७२ ठिपके) पान काढतात, ते कागदावर ताणलं की कडा फाटणारच. -आर३०० द्या, बारीक टाइप किंवा रेषांचे नकाशे असतील तर -आर६००. पण उगाच १२०० वर जाऊ नका, ए४ पान ३०० वर २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, रिझोल्यूशन दुप्पट केलं की पिक्सेल चौपट, आणि ६०० वर रंगीत पानाला मेमरीत १०० एमबीच्या वर जागा लागते, एका पानाला! मजकूर नुसता काळा-पांढरा असेल तर पीएनजी१६एम हे रंगीत इमेजचं डिव्हाइस सोडा, टीआयएफएफजी४ हे काळ्या-पांढऱ्याचं वापरा, फाइल कितीतरी लहान होते आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. टेक्स्टअल्फाबिट्स हा कडा मऊ करणारा पर्याय स्क्रीनसाठी छान आहे, प्रिंटसाठी नको, मऊ कडेचा करडा रंग प्रिंटर ठिपक्यांनी दाखवतो आणि अक्षर पुन्हा धूसर दिसतं.

दुसऱ्याचं उत्तर सोपं, आउटपुटच्या नावात पान-%०३डी असं लिहा, मग ००१, ००२ अशा फाइल वेगवेगळ्या बनतात. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये मात्र टक्क्याचं चिन्ह दोनदा लागतं.

प्रश्न: ए४ कागदावर वरची ओळ कापली जाते किंवा उजवीकडे जास्तीची मोकळी जागा राहते. प्रिंटरची सेटिंग तर बरोबर आहेत.

प्रिंटरचं सोडा, पानाचा आकार बघा. लेटर हा अमेरिकेतला कागद ६१२ बाय ७९२ पॉइंट, ए४ ५९५ बाय ८४२, म्हणजे ए४ जरा अरुंद आणि ५० पॉइंट उंच, जवळपास पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. फाइलने आकार सांगितला नसेल तर घोस्टस्क्रिप्ट स्वतःचा ठरलेला आकार धरतो आणि तो बऱ्याचदा लेटर निघतो, मग ए४ साठी बनवलेल्या पानाचा माथा कापला जातो. अशा वेळी -एसपेपरसाइझ=ए४ पुरतं. फाइल स्वतःच लेटर मागत असेल तर त्याबरोबर -डीफिक्स्डमीडिया द्या आणि -डीफिटपेजसुद्धा (यात फक्त एफ आणि पी कॅपिटल). फिक्स्डमीडिया एकटं दिलं तर कागद ए४ होतो पण मजकूर आहे तिथेच राहतो, बसवण्याचं काम फिटपेज करतं, हे दोघं जोडीनेच वापरायचे. आणि शेवटी प्रिंट देताना ॲक्च्युअल साइझ निवडा, नाहीतर पीडीएफ व्ह्यूअर पुन्हा एकदा लहान करतो आणि दोष कुणाचा तेच कळत नाही.

प्रश्न: मराठी मजकुराच्या जागी चौकोन येतात, कधी अगम्य इंग्रजी अक्षरं. घोस्टस्क्रिप्टला देवनागरी जमत नाही का?

जमतं, फॉन्ट फाइलच्या आत असेल तर. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार हे सगळं फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने आधीच जुळवून टाकलेलं असतं, पीएस आणि पीडीएफमध्ये अमुक आकार अमुक जागी ठेवा एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे घोस्टस्क्रिप्टला मराठी यावी लागतच नाही, त्याला ते आकार मिळावे लागतात. ते फाइलमध्ये एम्बेड केलेले नसले तर तो दुसरा फॉन्ट उचलतो आणि स्क्रीनवर सब्स्टिट्यूटिंग फॉन्ट असा मेसेज देतो, तो मेसेज वाचत चला, स्क्रीनवर मेसेजची गर्दी नको म्हणून -क्यू देऊन लोक तोच लपवतात आणि मग चूक सापडत नाही. पीडीएफ असेल तर पॉपलर या पीडीएफ सॉफ्टवेअरमधली पीडीएफफॉन्ट्स ही छोटी कमांड चालवा, ईएमबी या रकान्यात नो दिसलं की कारण सापडलं. फॉन्ट तुमच्याकडे असेल तर -एसफॉन्टपाथ= पुढे त्याचं फोल्डर देऊन बघा, पण खरा उपाय मूळ सॉफ्टवेअरमध्ये एम्बेड ऑल फॉन्ट्स करून फाइल नव्याने काढणं हाच, विशेषतः जुन्या डीटीपी फॉन्टसाठी, कारण त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले असतात आणि ते अगम्य इंग्रजी तिथूनच येतं.

प्रश्न: अनोळखी माणसाने पाठवलेली पीएस फाइल अशी चालवावी का?

काळजी घेऊनच. प्रोग्राम आहे म्हणजे डिस्कवरच्या फाइल वाचायचा, पुसायचासुद्धा प्रयत्न करू शकतो. हे अडवणारा सेफर पर्याय २०१९ च्या ९.५० व्हर्जनपासून आपोआप चालू असतो, त्याआधीच्या व्हर्जनवर -डीसेफर स्वतः द्यायला लागायचं. या अडथळ्यातूनही वाट काढणाऱ्या त्रुटी वेळोवेळी सापडल्यात आणि नव्या व्हर्जनमध्ये बुजवल्यात, म्हणून जुनं व्हर्जन ठेवू नका, आणि कुठल्या फोरमवर बघून -डीनोसेफर तर अजिबात लावू नका. तुमच्या स्क्रिप्टला एखादी फाइल खरंच वाचायची असेल तर --परमिट-फाइल-रीड= पुढे तेवढ्याच फाइलचं नाव देता येतं.