बेस गिटार प्रवासात न्यायला हार्ड केस घ्यावी की जाड पॅडिंगची गिग बॅग?

तुम्ही लिहिलंय की नवीन बेस घेतलाय, महिन्यातून तीन-चारदा कार्यक्रमाला न्यावा लागतो, कधी बसने, कधी टेम्पोत बाकीच्या सामानाबरोबर, क्वचित विमानानेही, आणि सगळे सांगतायत की डोळे झाकून हार्ड केस घे, हार्ड केसमध्ये काही होत नाही. हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. माझा मोठा भाऊ गेली सोळा वर्षं मला हेच वाक्य ऐकवतोय आणि ते खोटं आहे.

झालं असं की दादाची एक इलेक्ट्रिक गिटार होती, महॉगनीचा नेक (तारा ज्यावर दाबतो तो लांब दांडा), नेक बॉडीला चिकटवलेला, हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, तारा पिळायच्या खुंट्यांचा भाग) मागे कललेलं. तिच्यासाठी त्याने वेगळी हार्ड केस घेतली होती, प्लायवूडची, वरून काळं रेक्झिन, आतून मरून प्लश म्हणजे मखमली अस्तर, पाच लॅचेस, नुसती केस उचलली तरी खांदा भरून यायचा. माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला त्याने ती मला दिली आणि बजावलं की स्टेजवर जाईपर्यंत केस उघडायची नाही. मी उघडली नाही. विंगेत भिंतीला टेकवून उभी ठेवली, कुणीतरी केबल ओढत नेताना तिला धक्का लागला आणि ती पाठीवर सपाट पडली. बाकी काही नाही, उभी होती ती आडवी झाली. मी धावत जाऊन बघितलं, एक ओरखडा नाही, पाचही लॅचेस बंद, म्हटलं वाचलो. अर्ध्या तासाने साउंडचेकला केस उघडली तर सहाच्या सहा तारा सैल पडलेल्या आणि हेडस्टॉक पुढे दुमडून वरच्या पातळ काळ्या व्हिनिअरला, म्हणजे चिकटवलेल्या पापुद्र्याला, लटकतंय. नटच्या (नेक आणि हेडस्टॉक मिळतात तिथली, तारांच्या खाचांची पट्टी) लगेच मागे लाकूड तिरकं फाटलेलं, आतले पिवळसर तंतू दिसत होते. तो वास अजून आठवतो, ताज्या फाटलेल्या लाकडाचा.

दादा म्हणाला, तू बाहेर काढलीस, पाडलीस आणि परत आत ठेवलीस. हार्ड केसमध्ये गिटार तुटूच शकत नाही. मी शपथा घेतल्या, बरोबरच्या दोघांनी सांगितलं, काही उपयोग झाला नाही. गिटार तुटल्याचं दुःख होतंच पण खोटारडा ठरलो ते जास्त लागलं, आजही लागतं.

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी गिटार बघून पहिला प्रश्न केला, केस कुठाय? मी केस नेलीच नव्हती, दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी ग्लू लावून क्लॅम्प केलेली गिटार पुरती वाळल्यावर त्या केसमध्ये ठेवली, एक साधा कागद घेतला आणि हेडस्टॉकच्या टोकाखाली सरकवायला लागले. कागद जाईना. मग गिटार उचलून आतलं प्लश दाखवलं, बरोबर त्या जागी अंगठ्याच्या नखाएवढा एक चकचकीत, दबलेला डाग होता. म्हणजे हेडस्टॉकचं टोक रोज केसच्या तळावर टेकून बसलेलं होतं आणि नेकखाली जो आधाराचा ठोकळा असतो त्याला नेक नीट लागतच नव्हता. ती केस सरळ हेडस्टॉकच्या गिटारसाठी बनवलेली होती, तिला त्या टोकाला पुरेशी खोलीच नव्हती. दादाने लांबी-रुंदी बघून घेतली होती, आत बसतेय ना, मग झालं.

आता नीट विचार करा. उभी केस पडते तेव्हा सगळ्यात जोरात आपटतं ते वरचं टोक, आणि आत त्याच टोकाला हेडस्टॉक असतं. टोक तळावर अडलं, मागचा नेक आणि बॉडी खाली येतच राहिली, सगळा दाब एका जागी गेला. ती जागा म्हणजे नटच्या मागची, जिथे लाकडाचे तंतू तिरके कापले जातात आणि वरून ट्रस रॉडसाठी (नेक वाकू नये म्हणून आत बसवलेली धातूची सळी) खड्डाही केलेला असतो. अशा गिटारींमध्ये हेडस्टॉक बहुतेक वेळा 14 ते 17 अंशांनी कललेलं असतं आणि सहा तारांचा मिळून 45 किलोच्या आसपास ताण आधीच त्यावर असतो. केस कितीही मजबूत असू दे, ती बाहेरचा मार अडवते, आतल्या आत बसणारा झटका नाही अडवत. टोक टेकलेलं नसेल तरीसुद्धा नुसत्या झटक्याने हेडस्टॉक मागे जाऊन तुटू शकतं, कारण ट्यूनर्सचं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचं, वजन सगळं तिथेच असतं.

म्हणून माझं मत, हार्ड की सॉफ्ट हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न फिटिंगचा. आधी बेस टेपने मोजा, टोकापासून टोकापर्यंत, बॉडीची सगळ्यात रुंद जागा, आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) आणि नॉबसकट जाडी. 34 इंची स्केलचा (म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बेस एकूण 46-47 इंच भरतो, त्यामुळे गिटारच्या केसचा विचारही नको, आणि बेसच्या केसवरही नुसतं 'बेस' लिहिलंय म्हणून घेऊ नका. बेस बरोबर घेऊन जा, केसमध्ये ठेवा आणि तीन गोष्टी बघा. हेडस्टॉकखाली कागद आरपार सरकला पाहिजे. नेक आधाराच्या ठोकळ्यावर बसला पाहिजे, तोही हेडस्टॉकच्या फार जवळ नाही तर नेकखाली. आणि झाकण बंद करून केस हळू हलवली तर आतून काहीही सरकल्याचा आवाज यायला नको. दुकानदार घाई करेल, करू द्या.

तुमचा बेस बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसवलेल्या, मेपल नेकचा आणि सरळ हेडस्टॉकचा असेल तर तुम्ही माझ्या दादापेक्षा बरेच सुखी आहात, तिथे नेक सहसा असा तुटत नाही. पण बेसचे ट्यूनर्स जड, नेक लांब आणि चार तारांचा ताण मिळून 75-80 किलोच्या घरात, तेव्हा निष्काळजी राहू नका. प्रवासाला निघताना हेडस्टॉकच्या खाली आणि वर दोन्ही बाजूंनी जुना टीशर्ट किंवा मऊ टॉवेल भरा, सैलसर, दाबून नाही, म्हणजे ते इकडेतिकडे झटका खाणार नाही. हा उपाय कुठल्याही महागड्या केसपेक्षा जास्त कामाचा आहे असं माझं ठाम मत आहे.

आता हार्ड की बॅग. माझा नियम सरळ आहे, बेस पूर्ण वेळ माझ्या पाठीवर किंवा पायाजवळ असणार असेल तर चांगली गिग बॅग, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार असेल किंवा त्यावर दुसरं सामान पडू शकत असेल तर हार्ड केस. बसला बॅग, टेम्पोला हार्ड केस. चांगली बॅग म्हणजे निदान 20 मिलिमीटर फोम, नेकला आत वेगळा आधार आणि पट्टा, आणि तळाला जाड रबर किंवा कडक पट्टी. तळ महत्त्वाचा आहे कारण उभी बॅग खाली टेकवताना सगळं वजन बॉडीच्या खालच्या टोकाच्या, गळ्यातला पट्टा अडकवायच्या स्ट्रॅपच्या बटणावर येतं आणि बटण कापड फाडून बाहेर येतं किंवा लाकडात आत घुसतं, मी हे दोन बेसवर बघितलंय. पातळ बॅग जी नवीन गिटारबरोबर फुकट मिळते ती धुळीपुरती ठीक, प्रवासाला नेऊ नका.

हार्ड केसमध्ये मोल्डेड एबीएस प्लॅस्टिकवाली टेम्पोसाठी मला जास्त आवडते, ओलावा आत जात नाही आणि झाकणाच्या कडा खाचेत बसतात. प्लायवूडवाली घेतलीत तर हँडल कसं बसवलंय ते बघा, बेससकट वजन आठ-दहा किलोपर्यंत जातं आणि आधी हँडलच निघतं.

विमानाचं थोडक्यात, कारण मी स्वतः बेस दोनदाच नेलाय. बऱ्याच एअरलाइन्स चेक-इन बॅगेला लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटीमीटर धरतात आणि बेसची केस एकट्या लांबीतच 120 च्या आसपास जाते, त्यामुळे ओव्हरसाइज धरूनच चला आणि आधी फोन करून विचारा. तिथे घट्ट फिटिंगची हार्ड केसच, तारा एक-दोन स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका.

एक राहिलं, वर जे म्हटलं ते सगळं सॉलिड, म्हणजे भरीव लाकडाच्या बॉडीबद्दल. अकूस्टिक, म्हणजे पोकळ बॉडीचा बेस असेल तर आतली आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवायची काळजी वेगळी आणि बंद गाडीत उन्हात ठेवली तर ग्लूच मऊ पडतो, तिथे कुठलीच केस वाचवत नाही. आणि फिनिश, म्हणजे वरचा लॅकर, नायट्रोसेल्युलोजचं असेल तर आतलं अस्तर, रबरी तुकडे कशाचे आहेत ते विचारून घ्या, काही रबर आणि व्हिनाइल त्या फिनिशला चिकटतात, डाग पाडतात.

ती गिटार अजून वाजते, जोडलेली जागा अंगठ्याला किंचित लागते एवढंच. केसही दादाकडे आहे, प्लशवरचा डागही आहे. मी त्याला तीनदा म्हटलं की एक कागद घे आणि स्वतः सरकवून बघ, अजून बघितलेलं नाही. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी बघा.