वाचक विचारतात: घरची साफसफाई, घरचीच द्रावणं

मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी घालून बायोएन्झाइम (आंबवून केलेलं सफाईचं द्रावण) लावलं. आठवड्यात बाटली टम्म फुगली आणि वर पांढरी साय आली. फेकून द्यावं का? (वाचक, सिडको)

मुळीच नको. गुळावर यीस्ट वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून बाटली फुगते. पांढरी सायही बहुधा यीस्टचीच असते. काळी-हिरवी बुरशी धरली किंवा नासका वास सुटला, तर मात्र सगळं ओतून द्या. बुरशी धरते ती वर तरंगणाऱ्या, हवा लागणाऱ्या सालींवर. त्यामुळे गॅस सोडून झाला की झाकण लावून बाटली हलवा, साली भिजल्या पाहिजेत.

प्रमाण 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम ताज्या साली, 1 लिटर पाणी. बाटली कोल्ड्रिंकची, 2 लिटरची घ्या, म्हणजे गॅसला जागा राहते. काचेची बरणी घट्ट लावून ठेवाल तर ती फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करा, पुढे आठवड्यातून एकदा. साधारण तीन महिने लागतात, पण नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात आंबण्याची क्रिया मंदावते, तेव्हा आणखी दोन-तीन आठवडे धीर धरा. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येईनासा झाला आणि आंबूस वास आला की गाळा. पुसायच्या बादलीला अर्धी वाटी पुरते. चोथा पुढच्या बाटलीत विरजणासारखा वापरता येतो. हे जंतुनाशक मात्र नव्हे. आजारी माणसाच्या खोलीत यावर विसंबू नका.

बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर बसलेत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र लावलं, फेस खूप आला, थर तसेच. (वाचक, इंदिरानगर)

सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि हातात जवळपास नुसतं खारट पाणी उरतं. फेस म्हणजे सफाई नव्हे. थर कॅल्शियम कार्बोनेटचा आहे, त्याला आम्लच हवं. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. जाड थराला पुन्हा लावा, पण रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. आणि आम्ल लावलेल्या जागी ब्लीच कधीही टाकू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं.

हेच लिंबूसत्त्वाचं पाणी शहाबादी फरशीला चालेल? (वाचक, पंचवटी)

नाही, बायोएन्झाइमही नाही, तेही आम्लधर्मीच. शहाबादी, कोटा, मार्बल या सगळ्यांत तेच कॅल्शियम कार्बोनेट असतं. नळाचा थर विरघळवणारं आम्ल फरशीही खातं, ती निस्तेज आणि खरखरीत होते. तिथे रिठा वापरा. बिया काढलेले 10-12 रिठे अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळून कुस्करा, गाळा. बादलीत एक वाटी घाला. बाहेर ठेवलेलं हे पाणी दोन-तीन दिवसांत वास मारतं, म्हणून थोडंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.