चवथीला नातू येणार, पण पासपोर्ट कुठल्या देशाचा?

प्रश्न: ताई, माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडला स्विंडनला असते, तीन आठवड्यांपूर्वी तिला मुलगा झाला. तिचा पासपोर्ट भारतीय आहे, जावयाचा पोर्तुगीज (त्याचे वडील १९६१ च्या आधी इथंच गोव्यात जन्मलेले, त्यांच्यावरून मिळाला). बाळाला घेऊन चवथीला यायचं म्हणतायत. पहिलीच चवथ, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली नातवाला बघायचं माझं फार मनात आहे. पण कोण म्हणतं पोर्तुगीज पासपोर्ट काढा, कोण म्हणतं ब्रिटिश, आमचे हे म्हणतात आपला भारतीयच हवा, आणि जावयाच्या एका मित्राने तर तिन्ही काढून ठेवा म्हणून सांगितलंय. नक्की काय करायचं? – एक आजी, फोंडा

उत्तर: आजी, आधी नातवाला खूप खूप आशीर्वाद! आणि तिन्ही काढा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. ब्रिटन आणि पोर्तुगाल दोघांनाही दुसरं नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिक करायचं तर एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय हाय कमिशनकडे जन्माची नोंद करावी लागते, आणि तेव्हा आईबाबांनी लिहून द्यायचं असतं की बाळाकडे दुसऱ्या कुठल्याच देशाचा पासपोर्ट नाही. ब्रिटिश पासपोर्ट कपाटात ठेवून त्या कागदावर सही करायची म्हणजे धडधडीत खोटं लिहून देणं, आणि ते बाळाच्या नावावर आयुष्यभर राहणार. यजमानांची भावना मला समजते हो, पण भारताशी नातं ठेवायला ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे, ते खाली सांगते.

आता जावयाला एकच विचारा, बाळ जन्मलं तेव्हा त्याचं स्टेटस सेटल्ड (ब्रिटनमध्ये कायम राहायचा हक्क) होतं की प्री-सेटल्ड (मर्यादित काळाचा)? सेटल्ड असेल तर बाळ जन्मतःच ब्रिटिश आहे, वेगळा नागरिकत्वाचा अर्ज लागत नाही, सरळ पासपोर्टचा अर्ज करायचा. प्री-सेटल्ड असेल तर सहसा बाळ जन्मतः ब्रिटिश होत नाही, मग वडिलांवरून पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथला पासपोर्ट हा रस्ता. आणि बाळ ब्रिटिश असेल तर नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर त्याला इकडे आणू नका, कारण येताना कोणी अडवलं नाही तरी परत जाताना अडकाल. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना ब्रिटनला जायला आता ईटीए (प्रवासाची आगाऊ ऑनलाइन परवानगी) काढावं लागतं, ब्रिटिश नागरिकाला ते मिळतच नाही, आणि २५ फेब्रुवारी २०२६ पासून अशा दुहेरी नागरिकांना ब्रिटिश पासपोर्ट किंवा राइट ऑफ अबोडचं (ब्रिटनमध्ये राहायच्या हक्काचं) सर्टिफिकेट दाखवावं लागतं. तान्ह्या बाळाला घेऊन मुलगी एकटी विमानतळावर अडकली तर काय होईल विचार करा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, त्यासाठी आजच मुलीला फोन करा. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांच्या आत जन्म नोंदवावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे अजून तीन आठवडे आहेत. तिथं आडनावाचं स्पेलिंग काय लिहायचं ते आधी घरात बसून ठरवा. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या दाखल्यांवर आडनावं त्यांच्या पद्धतीने लिहिलेली, परबचं पोरोबो, कामतचं कामोतीं, नाईकच्या शेवटी के नाही, तर क्यू-यू-ई. जावयाचे पोर्तुगीज कागद त्या जुन्या नावावरून झालेले असू शकतात, आणि मुलीच्या भारतीय पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आजच्या स्पेलिंगमध्ये.

आमच्या घरात हेच झालं. भाच्याच्या मुलीचा ओसीआयचा फॉर्म परत आला, कारण लग्नाच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि बाळाच्या दाखल्यावर दुसरं. मग आम्ही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, त्यात पणजोबांचा दाखला सापडला, कडा वाळवीने खाल्लेल्या पण शाईने लिहिलेलं नाव अगदी स्पष्ट. दोन्ही नावं एकाच घराण्याची म्हणून ॲफिडेविट केलं, दोन महिने गेले, तिकीट रद्द केलं आणि पोर शेवटी पहिल्या वाढदिवसालाच घरी आली. तेव्हा वहिनीने रोज रात्री फोनवर बाळाचा आवाज ऐकून डोळे पुसलेले मी बघितलेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

ब्रिटिश पासपोर्टच्या अर्जासाठी जन्माचा पूर्ण दाखला लागतो, आईवडिलांची नावं असलेला, छोटा दाखला चालत नाही. शिवाय बाळासाठी अर्ज करणाऱ्या आईला किंवा बाबांना किमान दोन वर्षं ओळखणारा, ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट असलेला कोणीतरी ओळख द्यायला लागतो, नातेवाईक चालत नाही, तो आत्ताच बघून ठेवा. फोटोत बाळ एकटंच हवं, डोकं धरलेला हातसुद्धा दिसता कामा नये, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात. साध्या फिकट रंगाच्या चादरीवर निजवून वरून फोटो काढायचा.

पासपोर्ट हातात आला की भारताचं बघायचं. ओसीआय बाळाला आईवरून मिळतं, आई किंवा वडील यांच्यापैकी एक भारतीय नागरिक असला की पुरे, म्हणजे जावयाचं स्वतःचं ओसीआय झालेलं नसलं तरी बाळाचं त्याच्यावर अडत नाही. ते चवथीच्या आत होईलच असं धरून चालू नका, नाही झालं तर बाळाचा ई-व्हिसा काढा, तान्ह्यालाही वेगळा व्हिसा लागतो. साइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, बाकी दिसायला तशाच पण जास्त पैसे उकळणाऱ्या साइटी भरपूर आहेत. तिकीट मात्र पासपोर्ट आल्यावरच. आणि मुलगी एकटी येणार असेल, पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल, तर बाळाचा जन्मदाखला आणि जावयाचं संमतीपत्र हँडबॅगेत ठेवायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत नको.

प्रश्न: माझं बाळ म्हापशात जन्मलं, मी भारतीय, नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय. बाळाचा भारतीय पासपोर्ट काढून मग पोर्तुगीजही काढला तर चालेल का? – बार्देशची वाचक

उत्तर: नाही चालणार, दोन्ही एकावेळी बाळगता येत नाहीत. तुझं बाळ जन्माने भारतीय आहे, कारण तू भारतीय आहेस आणि नवरा बेकायदा राहत नाही. म्हणून पोर्तुगीज काढायच्या आधी दोघांनी नीट बसून ठरवा की पुढची वर्षं कुठं काढायचीत, घाई कसलीच नाही, वडिलांवरून पोर्तुगालचा हक्क नंतरही मागता येतो. सध्या भारतीय काढायचा तर जन्मदाखल्यावर बाळाचं नाव चढलंय का बघ, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच दाखला लागतो. जोडीला ॲनेक्शर डी, म्हणजे आईवडिलांच्या सहीचं घोषणापत्र. चार वर्षांच्या आतलं बाळ असल्यामुळे पांढऱ्या बॅकग्राउंडचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो घरूनच घेऊन जा, नाहीतर काउंटरवरून पुन्हा फोटो स्टुडिओ शोधत फिरावं लागेल.