वाळीत टाकलं, बहिष्कार घातला, की नाव टाकलं?

भाषांतराची कामं करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांनी वाक्य लिहिलं होतं, ‘लिव्हरपूल शहराने द सन या वृत्तपत्राला वाळीत टाकले आहे’. तपासणाऱ्याने त्यावर काट मारून ‘वृत्तपत्रावर बहिष्कार टाकला आहे’ असं केलं. ताईंचं म्हणणं, माझं चुकलं काय, आणि मुळात बहिष्कार घालतात की टाकतात?

दुसरं आधी उरकतो कारण ते सोपंय. बहिष्कार घालतात. ‘टाकणे’ हे वाळीतचं क्रियापद, ते शेजारच्या घरात जाऊन बसलंय, आणि आता पेपरात इतक्या वेळा ‘मतदानावर बहिष्कार टाकला’ येतं की चूक म्हणायला जीभ उचलत नाही. मी स्वतः ‘घातला’ लिहितो, बोलताना ‘टाकला’ सुद्धा येतं तोंडातून, चालायचंच.

आता वाळीत. हा ‘वाळणे’ म्हणजे पापड वाळतात तो नव्हे. जुन्या मराठीत वाळणे म्हणजे टाकून देणे, त्यागणे, संतकवितेत भेटतो हा अर्थ. तो एकटा असा कुठे उरला नाही, फक्त ‘वाळीत’ या एका रूपात अडकून राहिलाय. आणि व्याकरण बघा, वाळीत टाकतात ते माणसाला किंवा घराला, ‘ला’ लागतो. बहिष्कार असतो तो कशावर तरी, परीक्षेवर, मतदानावर, मालावर, तिथे ‘वर’ लागतो. म्हणजे ताईंच्या वाक्यात पेपर हा माणूस झालाय. तपासणाऱ्याला बहुतेक तेच खटकलं असणार. मला मात्र ते खटकत नाही, पण माझी अडचण वेगळी आहे.

वाळीत टाकण्यात जोर कोणाच्या बाजूला असतो? गावकीच्या, जातपंचायतीच्या. पाणवठा बंद, न्हावी बंद, लग्नाकार्याला कोणी यायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. पुष्कळांनी मिळून एकाला चिरडायचं असा तो सगळा मामला, त्यासाठी महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पेशवाईतल्या कागदांत याच जातीतल्या भानगडींना ग्रामण्य म्हणायचे. पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक, रानडे वगैरे मंडळींवर ग्रामण्य झालं होतं हे शाळेत वाचलेलं आठवत असेल. गंमत म्हणजे पंधराएक वर्षांनी त्याच टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या रांगेत ‘बहिष्कार’ आणून उभा केला, आणि तो शब्द खालून वर चालायला लागला, म्हणजे दुबळ्याने बलवानाच्या मालावर घालायचा. पण म्हणून जुना अर्थ मेला नाही. बाबासाहेबांनी 1927 साली पत्र काढलं त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’, तिथे बहिष्कृत म्हणजे ज्यांना समाजाने बाहेर ठेवलं ते. एकाच शब्दाची दोन तोंडं आणि दोन्ही उघडी.

इंग्रजीत हाच प्रवास एका माणसाच्या आडनावावरून झालाय. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो भागातला, एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी. 1880 साली खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना हा घालवायला निघाला, तर गावाने याच्याशी बोलणंच टाकलं. गडी कामाला येईनात, दुकानदार माल देईनात, कपडे धुवायला कोणी मिळेना. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांना राखायला एक हजारापर्यंत फौजफाटा, पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च. सांगतात असं की याला म्हणायचं काय असा प्रश्न पडला, ‘ऑस्ट्रसाइज’ (वाळीत टाकणे) हा शब्द कुळांना झेपणार नाही म्हणून तिथल्या पाद्रीबाबांनी सुचवलं, बॉयकॉट करा म्हणा की सरळ. म्हणजे बॉयकॉटचं मूळ वाळीत टाकणंच, फक्त उलट्या दिशेचं. आणि त्याच्याही आधीच्या मोठ्या दुष्काळात आयर्लंडमधून उपाशी माणसं बोटीत बसून जिथे उतरली ते इंग्लंडमधलं लिव्हरपूल. 1851 च्या खानेसुमारीत तिथला पाचातला एकाहून जास्त माणूस आयर्लंडात जन्मलेला होता, त्यामुळे हा शब्द त्या शहराला परका नाही असं आपलं माझं मत.

आता तिथे झालं काय ते थोडक्यात, नाहीतर शब्द हवेत राहतील. 15 एप्रिल 1989, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबांची एफए कपची सेमीफायनल. पोलिसांनी एक फाटक उघडलं, गर्दी आधीच भरलेल्या जाळीबंद कप्प्यांत गेली, लोक कठड्यांवर चिरडले गेले. एकूण 97 माणसं गेली, शेवटचा 2021 मध्ये, 32 वर्षं त्या जखमा घेऊन जगून. चारच दिवसांनी, 19 एप्रिलला ‘द सन’ने पहिल्या पानावर मथळा दिला ‘द ट्रुथ’. खाली काय, तर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. घरी अजून तेरावं काय, मयतीसुद्धा झाल्या नव्हत्या. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीत लोकांनी अंक जाळले, दुकानदारांनी ठेवणं बंद केलं, ते आजपर्यंत. पोलिसांचा कारभार चुकला हे चौकशी अहवालाने त्याच ऑगस्टमध्ये म्हटलं होतं, 2012 साली स्वतंत्र समितीने काढलं की पोलिसांच्या 164 जबान्या बदललेल्या होत्या, आणि 2016 ला ज्युरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर, प्रेक्षकांचा दोष नाही. पेपरने 2004 ला माफी मागितली, 2012 ला परत ‘द रिअल ट्रुथ’ म्हणून पहिल्या पानावर मागितली. कोणी घेतली नाही.

(सन 1989 चा ‘सन’, हे मराठीत म्हणून बघा, भलतंच होतं.)

गावात दोन तट असतात तसे तिथे दोन क्लब, लाल लिव्हरपूल आणि निळा एव्हर्टन, एकाच घरात भाऊ लाल बहीण निळी. 2017 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने या पेपरच्या वार्ताहरांना मैदानाची दारं बंद केली आणि एप्रिलमध्ये एव्हर्टननेही. त्या पेपरच्या बाबतीत तट नाहीत. तसं तिथल्या लोकांना आपण इंग्लिश म्हणवून घेण्यात फार रस नसतोच, ‘स्काउज, नॉट इंग्लिश’ असे फलक मॅचला असतात. स्काउज म्हणजे मूळ खलाशांचा बटाटा-मटणाचा रस्सा, लॉबस्काउज, मटण परवडलं नाही तर त्याला म्हणायचं ब्लाइंड स्काउज, आंधळा रस्सा. गरिबीवरून ठेवलेलं नाव त्यांनी अंगावर मिरवायला घेतलं. आपल्याकडे कोणाला ‘वरणभातवाले’ म्हणून बघा, मिरवतो का.

तर शब्द कोणता? ताई, मला वाटतं दोन्ही थोडे कमी पडतात. बहिष्कार हा कशासाठी तरी असतो, मागणी मान्य झाली की उठतो, म्हणजे ‘मागे घेतला’ असं वाक्य त्याला जोडता येतं. इथे माफी येऊनही उठला नाही. आणि वाळीत टाकायला टाकणारा मोठा लागतो, इथे लंडनचा बलाढ्य पेपर आणि समोर चाळीतली माणसं. तिथले लोक ते नाव लिहीतच नाहीत, मधलं अक्षर खोडून तारा घालतात, टॅक्सीच्या काचेवर स्टिकर असतो त्यातसुद्धा. बोलताना ‘द स्कम’, म्हणजे घाण, म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, त्याच जातीचं हे. यासाठी मराठीत अगदी घरगुती वाक्प्रचार आहे, नाव टाकणे. ‘त्या दिवसापासून मी त्या दुकानाचं नाव टाकलंय’, यात घ्यायचं नाही, जायचं नाही, आणि विषयही काढायचा नाही, तिन्ही आलं. मागे घ्यायची सोयच नाही त्यात.

माझा भाचा तिथे शिकायला होता. घरमालक म्हातारेबुवा खिडकी रंगवत होते, खाली पसरायला रद्दी दे म्हणाले, याने लंडनहून येताना गाडीत कोणीतरी टाकून दिलेला अंक उचलून आणला होता तो दिला. त्यांनी नाव वाचलं, दोन बोटांनी दुमडला आणि बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकून आले, मग स्वतःचा जुना बेडशीट पसरला. रंग सांडला तो त्यावर. याला ओरडले नाहीत, म्हणाले तू बाहेरचा, तुला माहीत नसणार.

मथळ्यात जागा नसेल तर ‘बहिष्कार’ ठेवा, वाचकाला लगेच कळतं. आत मजकुरात मात्र ‘लिव्हरपूलने सनचं नाव टाकलं’ लिहून बघा, तपासणाऱ्याने परत काट मारली तर मला कळवा.