लास वेगासच्या कॅसिनोत पत्ते मोजणारा माणूस ओळखतात कसा?
मुळात मनातल्या मनात पत्ते मोजणं, म्हणजे ब्लॅकजॅकच्या खेळात कुठली पानं पडून गेली आणि कुठली उरली याचा हिशेब ठेवणं, नेवाडा राज्यात (लास वेगास तिथलंच) गुन्हा नाहीये, पण कॅसिनो तुम्हाला सरळ बाहेर काढू शकतो. कॅमेऱ्यावर बसलेली माणसं पैजेवर नजर ठेवतात, म्हणजे इतका वेळ २५ डॉलर लावणारा गड्डीत मोठी पानं उरली की (तेव्हा खेळाडूचं पारडं जड असतं) अचानक ३०० लावतो आणि परत २५ वर येतो, तिथेच संशय. डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटेपालटे करून दाखवतो ना, तेही कॅमेऱ्यासाठीच, चिप (पैशांऐवजी लावतात ती चकती) लपवली नाही म्हणून. आणि ग्रिफिन नावाची एजन्सी होती, ती संशयितांच्या फोटोंची वहीच कॅसिनोंना पुरवायची, त्यात ठगांच्या शेजारी नुसते पत्ते मोजणारेही टाकले, हे मला साफ चुकीचं वाटतं. दोन खेळाडूंनी बदनामीचा खटला जिंकला आणि २००५ मध्ये एजन्सीचं दिवाळं निघालं.