अमेरिकेतली बास्केटबॉल लीग एनबीए परदेशी खेळाडू कसे निवडते? माझा भाचा तेराव्या वर्षीच पाच फूट दहा इंच आहे, त्याला संधी आहे का?

उंचीचा आकडा वाचला आणि राहवलं नाही.

१९९८ साली मी सांगलीत नववीत होतो, सहा फूट एक इंच. सरांनी पहिल्याच दिवशी रिंगखाली उभं केलं. रीबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल घ्यायचा, तो गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या हातात द्यायचा, बस. ड्रिबल केलं की मैदानाला पाच चकरा. "उंटानं नाचायचं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोल्हापूरला विभागीय सामन्यात शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. रीबाउंड मिळाला, समोर कोणी नाही, मीच बॉल घेऊन पळालो आणि रिंगजवळून लेअप टाकला. गेला! सरांनी लगेच मला बाहेर काढलं. उरलेला सामना बाकावरून पाहिला. तीन गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत कोणी माझ्याशी बोललं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये डर्क नोविट्स्की ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, नववा निवडला गेला. व्युर्त्सबुर्गचा सात फुटी जर्मन पोरगा, आणि त्याचे गुरू होल्गर गेश्विंडनर त्याच्याकडून लांबून शूटिंग घोटून घेत होते. म्हणजे तिकडे उंटाला नाचच शिकवत होते. २०११ मध्ये त्यानं डॅलसच्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं. त्याच्या या शिकवणीबद्दल मला कळलं कॉलेजात गेल्यावर, तोवर मी खेळ सोडला होता.

निवडीचं म्हणाल तर स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, युरोपातल्या क्लबांचे सामने बघत फिरतात. परदेशी खेळाडू ज्या वर्षी बावीस वर्षांचा होतो त्या वर्षी आपोआप ड्राफ्टला पात्र ठरतो, त्याआधी स्वतः नाव द्यावं लागतं. क्लबशी करार असेल तर पैसे मोजून सोडवून घ्यायचं, नाहीतर थांबायचं. निकोला योकिचला डेन्व्हरच्या संघानं २०१४ मध्ये ४१ वा निवडला आणि आणखी एक वर्ष सर्बियातच खेळू दिलं. हा जवळजवळ सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगखालचाच खेळाडू, धावायला जड, पण पास असे देतो की २०२४-२५ च्या अख्ख्या हंगामाची त्याची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे सामन्यामागे गुण, रीबाउंड आणि गुण मिळवून देणारे पास, तिन्ही दहाच्या वर. यानिस आंटेटोकुन्पो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, २०१३ मध्ये पंधरावा गेला. २०१९ ते २०२५ एकही एमव्हीपी, म्हणजे एनबीएतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, अमेरिकेत जन्मलेला नाही.

आपल्याकडे सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये ५२ वा. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू, पण एनबीएचा एकही सामना खेळला नाही. नुसत्या उंचीवर कोणी घेत नाही, आणि आपण निवड चाचणीत आधी टेप काढतो.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. पंगतीतच मोबाइलवर योकिचचे पास दाखवले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "उंच आहे ना पण?"

हां, एक सांगायचं राहिलं. त्या सामन्यात लेअपच्या आधी दोनदा बॉल माझ्याच हातून गेला होता. आणि ड्राफ्टमध्ये वर्षाला जेमतेम साठ नावं, तीही जगभरातून, तेव्हा भाच्याच्या दहावीकडे दुर्लक्ष नको.

पण त्याला आत्ता गार्ड खेळवा. सरांनी रिंगखाली उभं केलं तर मैदान बदला, सरांना वाईट वाटलं तरी चालेल.